शंभर वॉटचा ॲम्प्लिफायर आणि चार ओहमचे स्पीकर : न जुळलेल्या एका जोडीचे प्रकरण

हा प्रश्न घेऊन आलेले गृहस्थ माझे जुने स्नेही असून त्यांचा कान उत्तम आहे, हे आधीच नमूद करायला हवे. कारण त्यांनी केलेली प्रत्येक तक्रार पुढे मोजमापात जशीच्या तशी सापडली. त्यांनी जमिनीवर उभे राहणारे, तीन-वे रचनेचे (खालचे, मधले आणि वरचे स्वर वेगवेगळ्या ड्रायव्हरकडून वाजवणारे), उच्च श्रेणीतील स्पीकर घेतले आणि घरात आधीपासून असलेला ट्रान्झिस्टरचा इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर त्यांना जोडला. या ॲम्प्लिफायरची नोंदवलेली क्षमता ८ ओहमला १०० वॉट होती आणि आधीच्या लहान स्पीकरवर त्याने कित्येक वर्षे विनातक्रार काम केले होते. नव्या स्पीकरवर मात्र, मंद आणि मध्यम आवाजात सारे सुरेख वाजत असताना, वाद्यवृंद भरात आला किंवा पियानोवादकाने डाव्या हाताने जोरकस स्वर दिला, की 'तड्' असा कोरडा, चाबूक ओढल्यासारखा आवाज येई. एकदा तर संरक्षक रिले, म्हणजे धोका दिसताच स्पीकर तोडणारा खटका, पडून संगीतच थांबले.

स्पीकर सदोष असावेत या शंकेने त्यांनी ते विक्रेत्याकडे परत नेले, तेव्हा तिथल्या भल्या मोठ्या पॉवर ॲम्प्लिफायरवर ते निर्दोष वाजले. 'तुमचे वॉट कमी पडतात' हा सल्ला घेऊन ते परतले. पुढे कुणीतरी ट्यूबचे वॉट ट्रान्झिस्टरच्या वॉटपेक्षा भारी असतात असे सांगितल्यामुळे त्यांनी पुश-पुल रचनेचा ६० वॉटचा ट्यूब ॲम्प्लिफायर आणला. तडतड थांबली, परंतु डबल बासचे काही स्वर फुगून येऊ लागले, काही विरून गेल्यासारखे वाटू लागले आणि गायिका पूर्वीपेक्षा दोन पावले पुढे येऊन गाऊ लागली. "आवाज गोड आहे, पण हे माझे स्पीकर नाहीत," हे त्यांचे शब्द.

दोन्ही वेळा निर्णय वॉटच्या आकड्यावर घेतला गेला होता आणि दोन्ही वेळा दोष त्या आकड्यात न दिसणाऱ्या ठिकाणी होता. स्पीकर ॲम्प्लिफायरकडून वॉट मागत नाही. ॲम्प्लिफायर त्याच्या टोकांवर व्होल्टेज उभे करतो. त्या व्होल्टेजला किती करंट वाहायचा आणि तो कोणत्या क्षणी वाहायचा हे स्पीकरचा इम्पिडन्स, म्हणजे वारंवारतेप्रमाणे बदलणारा त्याचा विद्युत रोध, ठरवतो. तेव्हा जुळणी पाहायची तर त्या इम्पिडन्सपासूनच सुरुवात करणे भाग होते.

कागदावरचा स्पीकर आणि टेबलावरचा स्पीकर

माहितीपत्रकावर तीन आकडे होते : संवेदनशीलता ८७ डेसिबल, नाममात्र इम्पिडन्स ४ ओहम आणि ५० ते २५० वॉटच्या ॲम्प्लिफायरची शिफारस. यातील तिसरा आकडा मी बाजूला ठेवला, कारण त्यावरून कोणताही हिशेब करता येत नाही. पहिला आकडा मात्र नीट वाचावा लागतो. ही संवेदनशीलता २.८३ व्होल्टला, एक मीटर अंतरावर दिलेली असते. २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहममध्ये बरोबर १ वॉट. परंतु ४ ओहममध्ये तेच व्होल्टेज २ वॉट घेते. म्हणजे एका वॉटचा हिशेब केला, तर हा स्पीकर ८७ नव्हे, ८४ डेसिबलचा आहे. पत्रकात चूक नाही, फक्त तो आकडा व्होल्टेजच्या भाषेत आहे आणि वाचणारा तो वॉटच्या भाषेत वाचतो. 'नाममात्र' या शब्दालाही ठरलेला अर्थ आहे : आयईसी ६०२६८-५ या मानकानुसार स्पीकरचा किमान इम्पिडन्स नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांहून खाली जाऊ नये. ४ ओहमसाठी ही मर्यादा ३.२ ओहम येते.

मोजणी साध्या पद्धतीने केली. लहान ॲम्प्लिफायर, त्याच्या पुढे श्रेणीत १० ओहमचा रोधक आणि त्याच्या पुढे स्पीकर अशी जोडणी करून, २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत साइन लहर फिरवली आणि रोधकाच्या दोन्ही बाजूंचे व्होल्टेज व त्यांतील फेजचा फरक, म्हणजे एक लहर दुसरीच्या किती पुढे-मागे आहे ते, नोंदला. स्पीकर लावण्याआधी त्याच्या जागी ८.२ ओहमचा साधा रोधक लावून पाहिला, मोजणीत ८.१७ आले, तेव्हाच पुढे गेलो. हे पाच मिनिटांचे काम टाळले, तर पुढच्या सगळ्या आकड्यांवरचा विश्वास उधारीचा ठरतो.

आलेख बास-रिफ्लेक्स (खोक्याला हवेसाठी तोंड ठेवलेल्या) स्पीकरचा असतो तसाच, म्हणजे खालच्या भागात दोन उंचवटे आणि त्यांच्या मधे खोलगट, असा निघाला. वरचा उंचवटा ५२ हर्ट्झला १८ ओहमचा होता. तिथून पुढे इम्पिडन्स झपाट्याने उतरत १२५ हर्ट्झला ३.२ ओहमवर, म्हणजे मानकाच्या अगदी कडेवर, टेकला. मग तो चढत १.८ किलोहर्ट्झच्या आसपास, जिथे मधला ड्रायव्हर ट्वीटरकडे, म्हणजे वरच्या स्वरांच्या ड्रायव्हरकडे, काम सोपवतो तिथे, १४ ओहमपर्यंत गेला आणि पुढे पुन्हा ५ ओहमजवळ स्थिरावला. एकच स्पीकर, पण ॲम्प्लिफायरला तो एका स्वराला १८ ओहमचा दिसतो आणि सव्वा सप्तक वरच्या स्वराला ३.२ ओहमचा.

खरी मेख मात्र उतारावर होती. ८२ हर्ट्झला इम्पिडन्स ५.२ ओहम होता, जो पाहून कुणी दचकणार नाही. पण तिथे फेज उणे ४५ अंश होती. करंट व्होल्टेजच्या पुढे धावत होता. पियानोवर आणि गिटारच्या सर्वांत जाड तारेवर जो खालचा 'ई' वाजतो, तो नेमका ८२.४ हर्ट्झचा आहे. तडतडीच्या ज्या जागा स्नेह्यांनी रेकॉर्डवर खूण करून ठेवल्या होत्या, त्यांतल्या तिन्ही या स्वराच्या आसपासच्या निघाल्या.

पहिला ॲम्प्लिफायर : व्होल्टेज होते, सवड नव्हती

आधी खरोखर किती लागते ते पाहू. ऐकण्याची जागा स्पीकरपासून तीन मीटरवर होती. मोकळ्या जागेत तीन मीटरवर पातळी साडेनऊ डेसिबलने घटली असती. खोलीत भिंतींमुळे घट कमी होते, म्हणून ती ६ डेसिबल धरली. दोन स्पीकर मिळून ३ डेसिबल वाढतात. म्हणजे २.८३ व्होल्टला खुर्चीपाशी ८४ डेसिबल. स्नेही ज्या पातळीवर ऐकतात तिथे संगीताची सरासरी ८२ च्या आसपास आणि जोरकस प्रसंगांची शिखरे १०० डेसिबलपर्यंत जात होती. ८४ ते १०० हा १६ डेसिबलचा पल्ला म्हणजे व्होल्टेजची ६.३ पट : सुमारे १८ व्होल्ट, आणि लहरीच्या शिखरावर २५ व्होल्ट.

८ ओहमला १०० वॉट देणाऱ्या ॲम्प्लिफायरपाशी २८.३ व्होल्ट असतात. ४ ओहमला त्याची क्षमता १३० वॉट लिहिलेली होती. आदर्श ॲम्प्लिफायरने ४ ओहममध्ये बरोबर दुप्पट, म्हणजे २०० वॉट दिले असते. १३० वॉटवर व्होल्टेज २२.८ पर्यंत उतरते. ही जवळजवळ दोन डेसिबलची घट वीजपुरवठ्याचा आणि आउटपुट ट्रान्झिस्टरांचा आवाका किती बेताचा आहे ते सांगून जाते, आणि माहितीपत्रकावरच्या एकाच ओळीवर विसंबायचे झाले तर मी ८ ओहमच्या आकड्यापेक्षा या दोन आकड्यांच्या गुणोत्तरावर विसंबेन. तरीही २२.८ व्होल्ट १८ पेक्षा जास्तच आहेत. कागदोपत्री दोन डेसिबल शिल्लक होते. मग तडतड कसली?

ऑसिलोस्कोप स्पीकरच्या टर्मिनलवर लावून तोच पियानोचा तुकडा वाजवला. क्लिपिंग, म्हणजे व्होल्टेज अपुरे पडणे, असते, तर लहरीचा माथा सुरीने कापल्यासारखा सपाट दिसला असता. इथे माथा शाबूत होता. पण शिखर २४ व्होल्टच्या आसपास गेले, की लहरीच्या उतरत्या अंगावर एकाएकी खाच पडे आणि त्याच ठिकाणी उलट दिशेने सुईसारखा टोकदार काटा उभा राही. पडद्यावरचा तो काटा आणि कानावर पडणारा 'तड्' एकाच क्षणाचे होते. ही खूण ॲम्प्लिफायरच्या संरक्षक मर्यादकाची आहे. तो आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा करंट आणि त्याच्यावर पडलेले व्होल्टेज दोन्ही एकत्र पाहतो आणि त्यांचा मेळ धोक्याच्या रेषेपलीकडे गेला, की ट्रान्झिस्टरला आवरतो. करंट असा अचानक तोडला, की वूफर (खालच्या स्वरांचा ड्रायव्हर) आणि क्रॉसओव्हर (स्वर ड्रायव्हरांत वाटणारे जाळे) यांच्या कॉइलमध्ये साठलेली ऊर्जा उसळून काटा उमटवते.

धोका इतक्या लवकर का भासला, ते फेजमध्ये आहे. साध्या रोधकावर करंट जेव्हा सर्वाधिक असतो, तेव्हा आउटपुटचे व्होल्टेजही सर्वाधिक असते, त्यामुळे ट्रान्झिस्टरच्या वाट्याला पुरवठ्यातले थोडेसेच व्होल्टेज उरते आणि तो फार तापत नाही. ४५ अंशांच्या फरकात आउटपुट शून्यावर असताना, म्हणजे पुरवठ्याचे सगळे व्होल्टेज ट्रान्झिस्टरवर असताना, करंट आपल्या शिखराच्या ७० टक्क्यांवर पोहोचलेला असतो. गणित मांडले, तर पूर्ण आवाक्यावर ट्रान्झिस्टरमधील उष्णतेचे शिखर तेवढ्याच ओहमच्या साध्या रोधकापेक्षा २.८ पट येते. याचा अर्थ, उष्णतेच्या दृष्टीने ८२ हर्ट्झचे ते निरुपद्रवी दिसणारे ५.२ ओहम सुमारे १.८ ओहमच्या रोधकासारखे वागतात. स्पीकरचा भार अशा समतुल्य रोधकात मोजण्याची ही रीत एरिक बेंजामिन यांनी १९९४ साली मांडली. माझ्या मते स्पीकरबरोबर येणाऱ्या कागदावर छापायला हवा असा एखादाच आकडा निवडायचा झाला, तर तो हाच.

४ ओहमच्या साध्या रोधकासाठी बेतलेल्या ॲम्प्लिफायरने इथे हात आखडता घेतला, तर त्यात त्याचा दोष नाही. तो जळाला नाही, हेच त्याचे काम होते.

स्नेह्यांनी एक हरकत घेतली होती, ती बहुतेकजण घेतात : आवाजाचे बटण तर अर्ध्याच्याही खाली होते. सीडी प्लेयर पूर्ण पातळीला साधारण २ व्होल्ट देतो. या ॲम्प्लिफायरची वाढ २८ पट होती, म्हणजे १ व्होल्टलाच तो आपल्या पूर्ण क्षमतेवर पोहोचत होता. बटणाच्या फिरकीचा वरचा सगळा भाग कमी पातळीच्या रेकॉर्डिंगसाठी असतो. किती ताकद शिल्लक आहे ते बटण सांगत नाही.

दुसरा ॲम्प्लिफायर : करंटची तक्रार नाही, स्वरांची वाटणी बिघडलेली

ट्यूब ॲम्प्लिफायरला आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो आणि अशा मर्यादकाचा काच नसतो, म्हणून तडतड थांबली. पण त्याचा आउटपुट इम्पिडन्स मोठा होता. तो मोजणे कुणालाही जमेल : भार न लावता आउटपुटला १० व्होल्ट येतील इतकी पातळी ठेवली आणि मग ८ ओहमचा रोधक लावला, तेव्हा मल्टिमीटर ८.३३ व्होल्टवर आला. म्हणजे १.६ ओहम ॲम्प्लिफायरच्या आत आहेत. डॅम्पिंग फॅक्टरच्या भाषेत, म्हणजे ८ ओहमला या आकड्याने भागले तर, हा आकडा ५ होतो.

हे १.६ ओहम स्पीकरच्या श्रेणीत बसतात आणि व्होल्टेजची वाटणी होते. जिथे स्पीकर १८ ओहमचा आहे तिथे त्याला जवळजवळ सगळे व्होल्टेज मिळते. जिथे तो ३.२ ओहमचा आहे तिथे एक तृतीयांश ॲम्प्लिफायरच्या आतच राहते. टर्मिनलवर ५२ हर्ट्झला २.०० व्होल्ट ठेवले आणि इतर काहीही न बदलता वारंवारता १२५ वर नेली, तर मीटर १.४५ दाखवत होता. हा २.८ डेसिबलचा फरक आहे. १.८ किलोहर्ट्झचा भागही १२५ हर्ट्झच्या तुलनेत २.६ डेसिबल वर होता. डबल बासचे खालचे स्वर फुगणे, त्यांच्या वरचे विरणे आणि गायिकेचे पुढे येणे या तिन्ही तक्रारी या दोन आकड्यांत मावतात.

यात भर म्हणजे स्पीकर ८ ओहमच्या टॅपला, म्हणजे तेवढ्या भारासाठी ट्रान्सफॉर्मरवर काढलेल्या टोकाला, जोडलेले होते. ट्रान्सफॉर्मर हा भार त्याच प्रमाणात ट्यूबपर्यंत पोहोचवतो. ८ ओहमच्या टॅपवर ३.२ ओहम लावले, की ट्यूबला ठरलेल्या भाराच्या ४० टक्केच भार दिसतो, ताकद घटते आणि विकृती वाढते. जोरकस प्रसंगी आवाज दबल्यासारखा होतो, असे स्नेही म्हणत, ते यामुळे. ४ ओहमच्या टॅपवर नेताच आउटपुट इम्पिडन्स ०.८ ओहमवर आला आणि २.८ डेसिबलचा फरक दीडवर उतरला. हा बदल त्यांना पहिल्याच ओळीत ऐकू आला. पुरेसा मात्र नव्हता.

केबलचाही इथेच निकाल लावून टाकतो. जुनी केबल ०.७५ चौरस मिलिमीटरची आणि सहा मीटर लांब होती. जाऊन-येऊन बारा मीटर तांब्याचा रोध ०.२७ ओहम होतो आणि तेवढ्यानेही ५२ आणि १२५ हर्ट्झ या दोन वारंवारतांत अर्ध्या डेसिबलहून थोडा अधिक फरक पडतो. ४ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची केबल घातल्यावर हा फरक ०.१ डेसिबलवर आला. जाडी आणि लांबी यांपलीकडे केबलमध्ये शोधण्यासारखे मला या प्रकरणात काही सापडले नाही.

दीड ओहमचा रोधक

तिसरा ॲम्प्लिफायर काही आठवड्यांसाठी उसना मिळाला. ८ ओहमला १२० वॉट, ४ ओहमला २२० वॉट, २ ओहमचा भार निर्मात्याने स्पष्टपणे मान्य केलेला आणि आउटपुट इम्पिडन्स मोजून ०.०६ ओहम. पहिल्यापेक्षा ८ ओहमला तो एका डेसिबलनेही मोठा नाही. पियानोच्या त्याच तुकड्यावर शिखरे २६ व्होल्टला गेली आणि पडद्यावर ना खाच दिसली, ना काटा.

आता दोन शंका उरत होत्या. ट्यूबचा गोडवा हा ट्यूबचाच गुण होता की आउटपुट इम्पिडन्सचा, ही पहिली. आणि स्नेह्यांना नवा ॲम्प्लिफायर केवळ नवा म्हणून आवडतो आहे का, ही दुसरी. दोन्हींसाठी एकच प्रयोग केला. नव्या ॲम्प्लिफायरच्या आणि स्पीकरच्या मधे प्रत्येक बाजूला १.५ ओहमचा, २५ वॉटचा रोधक श्रेणीत घालता येईल अशी जोडणी केली आणि उपकरणांवर कापड टाकले. रोधक असताना व नसताना ४०० हर्ट्झच्या स्वराला टर्मिनलवरचे व्होल्टेज एका टक्क्याच्या आत सारखे ठेवले, कारण एक-दोन दशांश डेसिबल जास्त वाजणारे उपकरण कानाला 'चांगले' वाटते आणि मग सगळी तुलना वाया जाते. काय बदलले आहे, हे त्यांना सांगितले नाही.

रोधक घालून डबल बासचा तुकडा सुरू झाला. चार-पाच मिनिटे ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हा तुम्ही परत ट्यूबवर गेलात." रोधक काढल्यावर पुढच्या तुकड्यात त्यांनी बदल लगेच ओळखला. आम्ही क्रम बदलत बारा वेळा हे केले. अकरा वेळा त्यांचे उत्तर बरोबर आले. ट्यूबच्या आवाजात आणखी काही नसतेच, असा दावा मी यावरून करणार नाही, कारण विकृतीचे स्वरूपही वेगळे असते. पण या खोलीत, या स्पीकरवर, ज्याला गोडवा आणि फुगवटा म्हटले जात होते त्याचा मोठा भाग दीड ओहमच्या एका रोधकात सापडला.

याच अनुभवामुळे डॅम्पिंग फॅक्टरचे चारशे-पाचशेचे आकडे मी फारसे मनावर घेत नाही. ०.०६ ओहम आणि ०.०२ ओहम यांतला फरक वूफरपर्यंत पोहोचतच नाही; वाटेत क्रॉसओव्हरच्या कॉइलचा आणि वूफरच्या व्हॉइस कॉइलचा मिळून जवळपास तीन ओहमचा रोध बसलेला असतो. ५ वरून १०० वर जाणे ऐकू येते, १०० वरून ५०० वर जाणे नाही. क्लास-डी (वेगाने चालू-बंद होणाऱ्या ट्रान्झिस्टरांच्या) रचनेचा विचार स्नेह्यांच्या मनात होता आणि तो वर्ज्य नव्हता. फक्त त्यातल्या काही रचनांत आउटपुट फिल्टर फीडबॅकच्या, म्हणजे आउटपुट तपासून चूक सुधारणाऱ्या फेऱ्याच्या, बाहेर राहतो आणि मग वरच्या टोकाचा आवाज स्पीकरच्या इम्पिडन्सप्रमाणे बदलतो, एवढे तपासून घ्यावे लागते.

तिसरा ॲम्प्लिफायर त्यांनी ठेवला. डबल बासच्या एका स्वराचा फुगवटा मात्र त्यावरही थोडा उरला होता. तो ४५ हर्ट्झला होता, आणि स्पीकरमागच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंतचे अंतर ३.८ मीटर आहे. या अंतरात अर्धी लहर बरोबर बसते ती ४५ हर्ट्झचीच. खोलीचा हा अनुनाद कोणताही ॲम्प्लिफायर घालवू शकत नाही. खुर्ची मागच्या भिंतीपासून सत्तर सेंटिमीटर पुढे घेतली, तेव्हा तो उतरला.

ट्यूब ॲम्प्लिफायर विकावा की काय, असे ते विचारत होते. त्यांचे जुने लहान स्पीकर मी टेबलावर घेऊन मोजले : ८ ओहमचे, किमान ६.८ आणि कमाल १७ ओहम, फेज कुठेही फारशी तिरपी नाही. ८ ओहमच्या टॅपवर, त्याच १.६ ओहमच्या आउटपुट इम्पिडन्ससह, त्यांच्या टर्मिनलवरचा चढउतार जेमतेम एक डेसिबल आला. आता तो ॲम्प्लिफायर त्या स्पीकरना जोडून त्यांच्या वाचनाच्या खोलीत वाजतो.